दृष्टिभ्रमचित्रण, गृहशोभनातील

दृष्टिभ्रमचित्रण : भिंत, छत, दार, खांब यांसारख्या वास्तुघटकांच्या पृष्ठभागावर रंगाच्या साहाय्याने दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा किंवा प्रत्यक्षात नसलेल्या अवकाशाचा आभास निर्माण करण्याची कला. तिचे स्थूलमानाने दोन प्रकार होतात. पहिल्यात साध्या गिलाव्याला किंवा हलक्या लाकडाला संगमरवर, मौल्यवान लाकूड, धातू, कातडे इत्यादींचे रूप दिले जाते. यास पदार्थाभास म्हणता येईल. दुसऱ्यात सपाट भिंतीवर खांबांच्या रांगा, गवाक्षे, उद्याने, तर छतावर घुमट किंवा मोकळे आकाश रंगवून खोली आहे त्याहून विस्तीर्ण भासविली जाते. हा अवकाशाभास होय. दोन्ही प्रकार बहुधा एकाच वास्तूत एकत्र आढळतात. या कलेस रूढ असलेली ‘त्राँप लय’ (डोळ्यांना चकविणे) ही फ्रेंच संज्ञा मात्र अर्वाचीन आहे. लूई लेओपोल्द ब्वायी (१७६१–१८४५) या चित्रकाराने १८०० च्या पॅरिस प्रदर्शनातील आपल्या एका चित्रास ते नाव दिले आणि पुढे ते सर्वच दृष्टिभ्रमचित्रांना लागू झाले.

खऱ्या पदार्थाची दुर्मिळता, जागेची अडचण किंवा द्रव्याचा अभाव यांतून ही कला अनेकदा उद्भवली आहे. तथापि केवळ स्वस्त पर्याय म्हणून तिचा विचार केल्यास तिच्या इतिहासाचा उलगडा होत नाही. राजवाड्यांत व समृद्ध धर्ममंदिरांत, जेथे खरा संगमरवर सहज मिळू शकत होता, तेथेही तिला आश्रय मिळाला. प्रेक्षक क्षणभर फसावा आणि लगेच त्याला ती फसवणूक उमगावी, या दुहेरी अनुभवात तिचे खरे आकर्षण आहे. ही कला म्हणजे असत्य की कौशल्य, हा वादही तिच्याइतकाच जुना आहे.

प्राचीन काळ : थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) ग्रीक चित्रकार झ्यूक्सिस व परेसिअस यांच्या स्पर्धेची आख्यायिका नमूद केली आहे. झ्यूक्सिसने रंगविलेल्या द्राक्षांवर पक्षी झेपावले. मग परेसिअसच्या चित्रावरील पडदा दूर करावा, अशी मागणी त्याने केली. पण तो पडदा हेच चित्र होते. पक्ष्यांना फसविणाऱ्यापेक्षा चित्रकाराला फसविणारा श्रेष्ठ, हे झ्यूक्सिसने मान्य केले. या आख्यायिकेची ऐतिहासिक सत्यता कशीही असो, जाणकाराला चकविण्यात खरे कौशल्य आहे, हा या कलेचा दंडक तीतून स्पष्ट होतो.

प्रत्यक्ष अवशेषांच्या दृष्टीने पाँपेई व हर्क्यूलॅनियम ही नगरे सर्वांत महत्त्वाची होत. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात ती गाडली गेल्यामुळे तेथील घरांच्या रंगीत भिंती टिकून राहिल्या. जर्मन पुरातत्त्वज्ञ आउगुस्ट माऊ याने १८८२ मध्ये त्यांचे चार शैलींत वर्गीकरण केले. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील पहिल्या शैलीत गिलाव्याला उठाव देऊन व रंग भरून रंगीत संगमरवराच्या चिऱ्यांचा आभास निर्माण केलेला दिसतो. ग्रीक जगातही, उदा., डीलॉस बेटावरील घरांत, अशी रीत प्रचलित होती. रंगीत संगमरवर दूरच्या खाणींतून आणावा लागत असल्याने सामान्य नागरिकाच्या घरात तो येणे कठीण होते. गिलाव्यावरील अनुकरणामुळे सार्वजनिक वास्तूंचा भारदस्तपणा खाजगी घरात आला.

इ. स. पू. सु. ८० नंतरच्या दुसऱ्या शैलीत उठावाची जागा केवळ रंगाने घेतली. भिंतीवर पुढे आलेले खांब व त्यांमागे दिसणारी नगरे व मंदिरे रंगविली जाऊ लागली. बोस्कोरेआले येथील एका ग्रामनिवासातील शयनगृह हे या शैलीचे विख्यात उदाहरण असून त्याच्या भिंती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहेत. रोमजवळील प्रीमा पोर्ता येथे सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या निवासातील दालनाच्या चारही भिंतींवर फळझाडे, फुले व पक्षी यांनी भरलेले उद्यान रंगविले होते. ते सध्या रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढील शैलींत ही वास्तुरूपे अधिकाधिक नाजूक व काल्पनिक होत गेली.

या परिवर्तनावर रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस याने आपल्या वास्तुकलाविषयक ग्रंथाच्या सातव्या भागात कडक टीका केली. पूर्वीचे लोक संगमरवराच्या फळ्यांचे, नंतर खऱ्या इमारतींचे अनुकरण करीत, याला त्याची हरकत नव्हती. खांबांच्या जागी बोरू आणि फुलांतून उगवणाऱ्या अर्धाकृती मात्र त्याला असह्य वाटत; कारण जे अस्तित्वात नाही व असू शकत नाही, त्याचे चित्रण होऊ नये, असे त्याचे मत होते. म्हणजे त्याचा आक्षेप अनुकरणाला नसून अशक्य गोष्टींच्या अनुकरणाला होता.

प्रबोधनकाल : मध्ययुगात चर्चच्या गिलाव्यावर दगडी चिऱ्यांचे सांधे रेखाटणे किंवा भिंतीच्या खालच्या भागावर पडदे रंगविणे चालू राहिले. पॅड्युआ येथील अरीना चॅपेलमध्ये (सु. १३०५) जॉत्तोने भिंतींच्या तळाशी संगमरवरी फलक रंगवून त्यांमध्ये सद्‌गुण व दुर्गुण यांच्या करड्या छटांतील, दगडी पुतळ्यांसारख्या आकृती काढल्या. तथापि अवकाशाभासाला शास्त्रीय अधिष्ठान मिळाले ते पंधराव्या शतकात. ब्रुनेल्लेस्कीने यथादर्शनाचे प्रयोग केले, आल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याची तत्त्वे ग्रंथबद्ध केली. त्यापूर्वीच, सु. १४२७ मध्ये, मासात्चोने फ्लॉरेन्सच्या सांता मारीया नोव्हेल्ला चर्चमधील ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्रात सपाट भिंतीमागे कमानदार छताची एक खोल कोठडी असल्याचा हुबेहूब प्रत्यय आणून दिला होता.

यथादर्शनामुळे एक नवी अटही निर्माण झाली. समांतर रेषा ज्या बिंदूत मिळतात, तो बिंदू पाहणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो. म्हणून चित्र खरे भासण्यासाठी पाहणाऱ्याने विशिष्ट ठिकाणीच उभे राहावे लागते. मँच्युआच्या राजवाड्यात आंद्रेआ मांतेन्याने (सु. १४३१–१५०६) गोंझागा घराण्यासाठी १४६५ ते १४७४ या काळात रंगविलेल्या दालनात (कामेरा देली स्पोझी) या अटीचा कल्पक उपयोग केलेला आहे. छताच्या मध्यभागी एक वर्तुळाकार झरोका असून त्याच्या कठड्यावरून स्त्रिया, बालके व एक मोर खाली डोकावतात; एका दांडीवर तोललेली झाडाची कुंडी तर पाहणाऱ्याच्या डोक्यावर पडेल, असे वाटते. प्रत्यक्षात छत अखंड आहे. खिडकीच्या बगलेवर रंगविलेल्या संगमरवरावर चित्रकाराने १६ जून १४६५ ही तारीख अशी लिहिली आहे, की ती कोणी दगडावर ओरखडून ठेवली असावी, असे वाटते. २०१२ मधील भूकंपानंतर हे दालन बंद करावे लागले व दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

मिलान येथील सांता मारीया प्रेस्सो सान सातीरो या चर्चमध्ये ब्रामांतेला वेगळीच अडचण होती. मागून जाणाऱ्या रस्त्यामुळे वेदीमागे गर्भागार बांधण्यास जागाच उरली नव्हती. त्याने १४८० नंतरच्या दशकात सु. एक मी. पेक्षाही कमी खोलीच्या जागेत उथळ उठावाच्या गिलाव्याने व रंगाने पूर्ण लांबीच्या गर्भागाराचा आभास घडविला. मुख्य दारातून तो खरा वाटतो; बाजूने जवळ गेल्यावर सर्व रचना एका पातळ पडद्यासारखी दिसते.

सोळाव्या शतकात ही कला सरदारांच्या व धनिकांच्या प्रासादांत रुळली. बाल्दास्सारे पेरूत्सीने रोमच्या व्हिला फार्नेझीनामध्ये (सु. १५१६–१८) खांबांच्या सज्जातून दिसणारे रोम नगर रंगविले. मासेर येथील बार्बारो बंधूंच्या ग्रामप्रासादात पाओलो व्हेरोनेसेने (१५२८–८८) सु. १५६०–६१ मध्ये अर्धवट उघड्या दारातून आत येणारी मुलगी, सज्जातून पाहणारी गृहिणी, विसरून राहिलेला झाडू अशा नित्याच्या गोष्टी भिंतींवर आणल्या. या प्रासादाचा वास्तुविशारद आंद्रेआ पाल्लाद्यो होता. १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या वास्तूचे वर्णन दिले; पण व्हेरोनेसेच्या चित्रांचा उल्लेखही केला नाही. आपण बांधलेल्या भिंती चित्रकाराने जणू नाहीशा केल्या, हे त्याला रुचले नसावे, असा तर्क केला जातो.

बरोक काळ : सतराव्या शतकात रंगविलेल्या वास्तूचे चित्रण हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. त्याचे तज्ज्ञ प्रामुख्याने बोलोन्या येथे तयार होत. आंजेलो मीकेले कोलोन्ना व आगोस्तीनो मीतेल्ली या तेथील जोडीला व्हेलाथ्केथच्या द्वारे माद्रिदच्या राजदरबारात पाचारण करण्यात आले. मीतेल्लीचा तेथेच १६६० मध्ये अंत झाला. वास्तुरूपे एकाने व मनुष्याकृती दुसऱ्याने रंगवायच्या, अशी कामाची विभागणी असे. व्हेनिसच्या लाब्या प्रासादातील (सु. १७४६–४७) अँटनी-क्लीओपात्राच्या चित्रांसाठी त्येपोलोची कीर्ती झाली, परंतु त्यांना खोली देणारे खांब, कमानी व पायऱ्या रचणारा जेरोलामो मेंगोत्सी कोलोन्ना फारसा कोणाला ठाऊक नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे जेझुइट चित्रकार आंद्रेआ पोत्सो (१६४२–१७०९) याचे रोमच्या सांत इन्यात्स्यो चर्चमधील काम. तेथील नियोजित घुमट बांधला गेला नाही. त्याच्या जागी १६८५ मध्ये पोत्सोने आतून दिसणाऱ्या घुमटाचे चित्र कापडावर रंगवून सपाट छतास बसविले. पुढे १६९४ पर्यंत मध्यदालनाचे संपूर्ण छतही रंगविले. योग्य दृष्टिस्थान दाखविणाऱ्या तबकड्या फरशीत बसविलेल्या आहेत. त्यांवरून दूर सरताच घुमट कलू लागतो. रंगविलेले खांब भिंतीतून पुढे आलेल्या टेकूंवर उभे असल्याबद्दल काही वास्तुविशारदांनी दोष दिला, तेव्हा टेकू कोसळून खांब पडल्यास भरपाई करण्यास आपला एक चित्रकार मित्र तयार आहे, असे पोत्सोने मिस्कीलपणे नमूद केले आहे. व्हिट्रूव्हिअसच्या आक्षेपाला चित्रकाराने दिलेले हे उत्तरच होय : चित्रातील खांबाला भार नसतो.

पोत्सोचा यथादर्शनावरील द्विखंडात्मक ग्रंथ (१६९३, १७००) यूरोपाबाहेरही गेला. न्यन शीयाव या चिनी अधिकाऱ्याने बीजिंग दरबारातील इटालियन चित्रकार जूझेप्पे कास्तील्योने याच्या साहाय्याने या विषयावर १७२९ मध्ये चिनी ग्रंथ सिद्ध केला. त्याची वाढविलेली आवृत्ती १७३५ मध्ये निघाली. सम्राट च्यन-लुंग याने निवृत्तीनंतरच्या वास्तव्यासाठी निषिद्ध नगरीत १७७१–७६ या काळात बांधलेल्या ज्वॅन्चिन्चाय या वास्तूतील नाट्यदालन याच परंपरेतील आहे. त्याच्या छतावर रेशमावर रंगविलेले फुलांनी लगडलेले वेलींचे मांडव असून भिंतींवर उद्यानाचे दृश्य आहे. लाकडी कुंपणही रंगवून ठिपकेदार बांबूसारखे केलेले आहे. या वास्तूचे जतनकार्य २००८ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी चित्रांच्या पाठीस लावण्याचा तुतीच्या सालीचा कागद जुन्या पद्धतीने पुन्हा तयार करवून घ्यावा लागला.

पदार्थाभासाची तंत्रे : संगमरवराच्या अनुकरणाच्या दोन पद्धती आहेत. ‘स्काल्योला’ या पद्धतीत जिप्समची भुकटी, सरस व रंगद्रव्ये यांचे मिश्रण मळून भिंतीवर किंवा खांबावर लावतात आणि कठीण झाल्यावर घासून, तेल वा मेण देऊन त्याला झिलई आणतात. रंग वरवरचा नसून थराच्या जाडीभर असतो. इटलीतील कार्पी हे नगर सतराव्या शतकात या कामासाठी प्रसिद्ध होते. ही प्रक्रिया इतकी श्रमाची आहे, की काही वेळा खऱ्या दगडापेक्षा तिलाच अधिक खर्च येई. मात्र तिने निसर्गात न मिळणारे रंग साधता येत व मोठे खांब सांध्यावाचून घडविता येत.

दुसरी पद्धत केवळ रंगकामाची. प्रथम गुळगुळीत पृष्ठभागावर तैलरंगाचे फिकट अस्तर देतात. त्यावर जवसाचे तेल, टर्पेंटाइन व रंगद्रव्य यांचा पारदर्शक थर देऊन तो ओला असतानाच स्पंजाने ठिपके उठवितात, पिसाने किंवा बारीक कुंचल्याने शिरा ओढतात व बिज्जूच्या केसांच्या मऊ कुंचल्याने त्यांच्या कडा विरवितात. लाकडाचे रेषे उमटविण्यासाठी पोलादी वा कातडी कंगवे, तर गाठी व चकाकी दाखविण्यासाठी कापडाने पुसलेल्या खुणा उपयोगी पडतात. वरच्या जलमिश्रित थरात शिळी बिअर बंधक म्हणून वापरीत. शेवटी रोगणाचा हात देतात. शिरा एकमेकींना समांतर किंवा सारख्या अंतरावर पडल्यास नक्कल उघडी पडते. तसेच फळ्यांचे सांधे खऱ्या दगडाच्या मापाने दाखवावे लागतात आणि रंगविलेल्या छायेची दिशा खोलीतील खऱ्या खिडकीशी जुळवावी लागते. म्हणजेच कारागिराला रंगाइतकेच दगडाचे व लाकडाचेही ज्ञान असणे आवश्यक असते.

या व्यवसायाची एक काळी बाजूही होती. अस्तराच्या रंगात सफेता, म्हणजे शिशाचे पांढरे रंगद्रव्य, सर्रास वापरले जाई व ते खरवडताना उडणाऱ्या धुळीमुळे रंगाऱ्यांना शिशाची विषबाधा होई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्ये केलेल्या संकेतानुसार इमारतींच्या अंतर्भागातील रंगकामात सफेत्याचा वापर निषिद्ध ठरविण्यात आला. मात्र कलात्मक चित्रण व बारीक रेघांचे काम यांना त्यातून सूट देण्यात आली.

एकोणिसावे शतक आणि सत्यासत्याचा वाद : औद्योगिक क्रांतीनंतर यूरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत ही रंगकामे सर्वत्र पसरली. तत्पूर्वी जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही माउंट व्हर्नन येथील आपल्या घराच्या मधल्या दालनातील लाकूडकाम १७९७ मध्ये महोगनीसारखे रंगवून घेतले होते. इंग्लंडमधील टॉमस कर्शॉ (१८१९–९८) हा या कसबाचा श्रेष्ठ कारागीर गणला जातो. लंडन (१८५१) व पॅरिस (१८५५) येथील जागतिक प्रदर्शनांत त्याच्या नमुनाफलकांना पदके मिळाली. त्याचे काही फलक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ब्रुसेल्समध्ये १८८२ साली स्थापन झालेली व्हान डेर केलेन ही संस्था या कसबाच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध झाली.

याच काळात त्यावर सर्वांत कठोर आघात झाला. जॉन रस्किन याने १८४९ च्या वास्तुकलाविषयक ग्रंथात, लाकडावर संगमरवर रंगविणे ही फसवणूक असून ती नैतिक दोषास पात्र आहे, असे प्रतिपादिले. जे चित्र आपण चित्र आहोत हे लपवीत नाही, त्याला मात्र त्याने दोष दिला नाही. व्हिएन्नातील वास्तुविशारद आडोल्फ लोस याने १८९८ मध्ये हाच विचार एका नियमात मांडला : लाकडाला कोणताही रंग द्यावा, पण लाकडाचा देऊ नये. आधुनिक वास्तुकलेने ही शिकवण उचलली व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दृष्टिभ्रमचित्रण मागे पडले. या टीकेचा रोख पदार्थाभासावर होता. मांतेन्या वा पोत्सो यांच्या छतांना ती तितकीशी लागू पडत नाही. छतातील मोर पाहून कोणी फसून राहत नाही. स्वयंपाकघराचे रंगविलेले दार मात्र ओकचे आहे, असा समज कायमचा राहू शकतो.

भारतातील समांतर परंपरा : एका पदार्थाचे रूप दुसऱ्यास देण्याची प्रवृत्ती भारतात प्राचीन आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या कमानदार छतास खऱ्या लाकडी फासळ्या आहेत, पण त्यांवर कोणताही भार नाही. अजिंठ्याच्या १९ व २६ क्रमांकांच्या लेण्यांत त्याच फासळ्या खडकात कोरलेल्या दिसतात. अजिंठ्यातील छतांवरच्या चौकटी व वर्तुळे ताणून बांधलेल्या चांदव्याची आठवण करून देतात. राजस्थानात ‘आराइश’ या नावाने ओळखला जाणारा चुन्याचा गिलावा अकीकाच्या दगडाने घोटून संगमरवरासारखा तुळतुळीत करीत. मद्रासकडील शिंपल्यांच्या चुन्याच्या घोटीव कामाचीही यूरोपीय प्रवाशांनी संगमरवराशी तुलना केली. मात्र हे काम दगडाच्या शिरांची नक्कल करीत नाही; चुना आपल्याच गुणाने संगमरवराची बरोबरी करतो.

यथादर्शनावर आधारलेला अवकाशाभास महाराष्ट्रात घराच्या भिंतींपेक्षा रंगभूमीवर अधिक फुलला. संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, उपवन, रस्ता यांचे रंगविलेले पडदे हे नाटकमंडळ्यांचे वैभव समजले जाई. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू या कामासाठी विख्यात होते. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी पुढे चित्रपटनिर्मितीत पदार्पण केल्यावर रंगविलेल्या पडद्यांऐवजी प्रत्यक्ष उभारलेल्या त्रिमितीय दृश्यबंधांचा पुरस्कार केला. पडद्यावरचा महाल प्रेक्षागृहातील ठराविक आसनांवरून खरा वाटे. कॅमेरा जागा बदलू लागताच त्याचा सपाटपणा उघड होणे अटळ होते. सांत इन्यात्स्योच्या घुमटाला असलेली मर्यादाच येथे वेगळ्या माध्यमात प्रत्ययास येते.

आधुनिक काळ व जतन : छापील भित्तिपत्रे आणि प्लॅस्टिकचे थरफलक यांनी रंगाऱ्याचे काम मोठ्या प्रमाणावर हिरावून घेतले. भारतात ‘सनमायका’ या व्यापारी नावाने सर्वपरिचित झालेल्या फलकांवर लाकडाचे रेषे छापलेले असतात. त्यात एकच नमुना पुनःपुन्हा येतो. हाताने रंगविलेल्या कामात तसे होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हस्तकौशल्याचे काही अंशी पुनरुज्जीवन झाले. इझाबेल ओनील यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५ साली त्याचे वर्ग सुरू केले. इंग्लंडमध्ये जोकास्टा इनिस यांच्या १९८१ मधील लोकप्रिय पुस्तकाने ते हौशी गृहस्थांपर्यंत नेले.

जतनाच्या दृष्टीने हे काम विशेष नाजूक आहे. ते भिंतीशी एकरूप असल्याने इमारतीबरोबरच नष्ट होते. पॅड्युआच्या एरेमितानी चर्चमधील मांतेन्याची भित्तिचित्रे ११ मार्च १९४४ रोजी बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाली, तेव्हा हजारो तुकडेच हाती लागले. पदार्थाभासी रंगकामाला तर कलाकृतीचा दर्जाच नसल्याने ते नूतनीकरणात सहज खरवडले किंवा पांढऱ्या रंगाखाली झाकले गेले. आता रंगथरांच्या छेदांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून असे लपलेले काम शोधले जाते व शक्य तेथे उघडे केले जाते. जुन्या वास्तूतील रंगविलेला संगमरवर काढून त्या जागी खरा संगमरवर बसविणे ही आज सुधारणा मानली जात नाही. त्या घराचा, त्याच्या मालकाच्या आकांक्षेचा आणि बहुधा अनाम राहिलेल्या कारागिराचा पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो.